कॅम्पर क्रिस्टाला पॅडल शिफ्टर बसवायचेत? चोर्ला घाट डोळ्यासमोर ठेवून सगळं काम सांगतो

मी गोव्यात डिचोलीत राहतो. आमच्या ऑटोमॅटिक इनोव्हा क्रिस्टाची आम्ही कॅम्पर करून घेतलीय, मागे बेड, ६० लिटरची पाण्याची टाकी, लिथियम बॅटरी, शेगडी, आणि महिन्यातून एकदा तरी चोर्ला चढून बेळगावकडे नाहीतर सावंतवाडीवरून आंबोलीकडे निघतोच. तर या गाडीला स्टीअरिंगवर पॅडल शिफ्टर, म्हणजे बोटांनी ओढून गिअर बदलायच्या दोन पट्ट्या, बसवले, आणि तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो कसे बसवले, काय काय लागलं, आपल्या गाडीला होईल का. म्हणून एकदाच नीट लिहून काढतो.

आधी कशासाठी ते सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. पॅडल म्हटलं की लोकांना रेसची गाडी आठवते, पण कॅम्परला त्याचा उपयोग उतारावर आहे. रिकामी क्रिस्टाच १८०० किलोच्या आसपास, त्यात सामान, पाणी, माणसं धरली की २३०० किलो सहज होतं. चोर्ल्याचा माथा साधारण ८०० मीटरवर आणि खाली केरीला आलात की जवळजवळ ७०० मीटर उतरलात. एवढं वजन एवढं खाली आणायचं म्हणजे हिशेबाने सव्वाचार युनिटपेक्षा जास्त ऊर्जा कुठेतरी जिरवायची, म्हणजे २ किलोवॅटचा गीझर दोन तासांहून जास्त चालू ठेवला तर जेवढी उष्णता होईल तेवढी. इंजिनाने त्यातला वाटा उचलला नाही तर उरतात फक्त ब्रेक. आणि ऑटोमॅटिक डी मध्ये असली की तुम्ही पाय उचलला रे उचलला की ती वरचा गिअर टाकते, गाडी मोकळी सुटते, मग परत ब्रेक, परत मोकळी. त्यात डिझेल इंजिनाचं ब्रेकिंग पेट्रोलपेक्षा मुळातच कमी, त्यामुळे गिअर खाली घेऊन आरपीएम वर ठेवले तरच त्याचा काही आधार मिळतो.

आता लिव्हरवर एस मोड, म्हणजे हाताने गिअर वरखाली करायची सोय, आहेच की, मग पॅडल कशाला? बरोबर आहे, लिव्हरने सगळं होतं. पण पावसाळ्यात, धुक्यात, समोरून मालाचा ट्रक वळण कापून येतोय, तेव्हा डावा हात स्टीअरिंगवरून काढावासा वाटत नाही आणि माणूस गिअर पाडायचं टाळतो. मी टाळायचो. पॅडल आल्यापासून टाळत नाही, एवढाच फरक आहे पण तो मोठा आहे. आणि म्हणूनच माझं ठाम मत आहे की हे काम कंपनीने केल्यासारखं पक्कं होत असेल तरच करा, ज्या गोष्टीवर घाटात विसंबायचं ती दहातल्या नऊ वेळा चालून उपयोग नाही.

गाडी चालेल का ते आधी बघा

लिव्हरला प्लस मायनसचा गाळा आहे का हा पहिला प्रश्न. क्रिस्टा ऑटोमॅटिकला एस मोड आहे आणि त्यात लिव्हर पुढेमागे टिचकी मारून गिअर बदलतात, म्हणजे आत दोन छोटे स्विच आहेत, एक वर जायला आणि एक खाली यायला. पॅडल हे त्याच दोन स्विचना समांतर जोडलेले आणखी दोन स्विच, एवढंच काम आहे. ज्या ऑटोमॅटिकला असा गाळाच नाही तिथे ही पद्धत चालणार नाही. एएमटी गाड्यांना (मॅन्युअलच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर मशीन सांभाळतं) प्लस मायनस असतं, तिथे तत्त्व तेच. फोर्स ट्रॅव्हलर किंवा ईको मॅन्युअलवर केलेल्या कॅम्परला अर्थातच विषय नाही. आणि क्रिस्टा घ्यायचीच असेल तर लक्षात ठेवा, २०२३ पासूनची क्रिस्टा फक्त मॅन्युअल येते, ऑटोमॅटिक हवी तर त्याआधीची जुनी बघावी लागते.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. टोयोटाच्या एस मोडमध्ये डिस्प्लेवर एस ४ दिसलं म्हणजे चौथाच गिअर लागलाय असं नाही, चौथ्याच्या वर जाऊ नकोस असं तुम्ही गिअरबॉक्सला सांगितलंय, खाली ती स्वतः जाऊ शकते. उतारासाठी हे अगदी सोयीचं आहे. आणि समांतर जोडलेलं पॅडल लिव्हर एस मध्ये असतानाच काम करेल असं धरून चला, डी मध्ये ओढून काही झालं नाही तर ते बिघडलंय असं समजू नका. मी घाटाच्या तोंडालाच लिव्हर एस ला टाकतो आणि पुढचं सगळं बोटांनी.

कुठले पॅडल घ्यायचे

तीन रस्ते आहेत. पहिला म्हणजे वायरलेस किट, पॅडलमध्ये बटणसेल आणि कन्सोलखाली, म्हणजे गिअर लिव्हर असतो त्या मधल्या भागाखाली, रिसीव्हर. मी हेच आधी एका ॲक्सेसरीच्या दुकानातून बसवून घेतलं होतं. पहिले दोन महिने छान चाललं आणि जुलैमध्ये चोर्ला उतरताना डावं पॅडल ओढतोय तर काहीच नाही, तिसऱ्यांदा ओढल्यावर एकदम दोन गिअर खाली. मागे मुलं झोपली होती. त्या दिवशी घरी येऊन काढून टाकलं. सेल सर्द झाला होता की सिग्नल अडकत होता याच्या खोलात मी गेलो नाही, घाटात लागणाऱ्या गोष्टीत सेल असूच नये एवढं मला पटलं.

दुसरा रस्ता, स्टीअरिंगबरोबर न फिरणारे पॅडल, म्हणजे स्टीअरिंग कॉलमच्या कव्हरला पक्के बसवलेले. याचा मोठा फायदा असा की एअरबॅग काढायची नाही, स्पायरल केबलला (स्टीअरिंगमागची वायरची गोल डबी) हात लावायचा नाही, वायर सरळ कॉलमखालून कन्सोलकडे. स्टीअरिंग अर्धं फिरलेलं असलं तरी पॅडल जागेवरच सापडतात. अडचण जागेची आहे, इंडिकेटर आणि वायपरचे दांडे मध्ये येतात, आणि अपघातात तुमच्या हाताच्या आणि गुडघ्याच्या समोर काहीतरी टणक उभं राहतं, म्हणून धातूची धारदार पाती अजिबात नको. ज्याला एअरबॅगच्या कामाची सवय नाही त्याने हाच रस्ता घ्यावा.

तिसरा रस्ता, जो मी शेवटी घेतला, तो म्हणजे फॉर्च्युनर ऑटोमॅटिकचे पॅडल. २०१६ च्या पिढीपासून फॉर्च्युनरला पॅडल येतात आणि ती क्रिस्टाच्याच घराण्यातली गाडी आहे. नवीन पार्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ओळखीच्या भंगारवाल्याकडे अपघातातल्या गाडीचे मिळतात. पण आपल्या स्टीअरिंगच्या मागच्या कव्हरशी लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि त्यांची सोबतची छोटी वायरिंग कापलेली नको, कनेक्टरसकट हवी. अपघातातल्या गाडीची एअरबॅग मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नका, आपली आहे तीच परत बसवायची.

पॅडल हातात आले की टेबलावरच तपासा. मल्टीमीटर बीपवर (जोड लागला की वाजतो त्या सेटिंगवर) लावा, प्रत्येक पॅडल ५० वेळा ओढा. दर वेळी आवाज लगेच यायला हवा आणि सोडल्यावर लगेच थांबायला हवा. मग ओहमवर लावून बघा, दाबल्यावर एक-दोन ओहमच्या आत पाहिजे. आकडा नाचत असेल तर आत गंज आहे, ते पॅडल परत करा. गोव्याच्या हवेत पडून राहिलेल्या मालात हे फार निघतं.

कन्सोलमध्ये सिग्नल शोधणे

हे मन लावून करायचं काम आहे, इथे घाई केली की ईसीयूचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचं, नुकसान होतं. गिअर लिव्हरच्या भोवतीचं ट्रिम प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला, स्क्रूड्रायव्हरने नको. खाली लिव्हरचा कनेक्टर दिसतो. त्यात शिफ्ट लॉकच्या, लाइटच्या, एस मोड कळवणाऱ्या अशा बऱ्याच वायरी असतात, आपल्याला फक्त दोन हव्यात. टोयोटाच्या डायग्राममध्ये त्यांना एसएफटीयू आणि एसएफटीडी म्हणतात, शेवटचा यू म्हणजे वर आणि डी म्हणजे खाली. वायरचे रंग मी मुद्दाम सांगत नाही, दुसऱ्याच्या गाडीचा रंग बघून वायर कापणारे मी पाहिलेत. मीटरनेच शोधा.

हँडब्रेक लावा, चाकांना लाकडी ठोकळे, इग्निशन ऑन, इंजिन बंद, पाय ब्रेकवर, लिव्हर एस मध्ये. मीटरची काळी पिन बॉडीच्या स्वच्छ अर्थला. लाल पिन कनेक्टर न काढता मागच्या बाजूने वायरच्या कडेने बारीक सुईने आत घाला. आता दुसऱ्या माणसाला लिव्हर मायनसकडे टिचकी मारायला सांगा. जी वायर एरवी व्होल्टेज दाखवते आणि टिचकी मारल्याबरोबर शून्याजवळ पडते ती खालच्या गिअरची. प्लसचं तसंच. एस मध्ये टाकल्यापासून बदलून तशीच राहणारी वायर ही एस मोडची, तिला हात लावायचा नाही. कागदावर लिहा, कनेक्टरचा फोटो काढा, पिनचा नंबर लिहा. बल्बवाला टेस्टर वापरू नका, बल्ब ईसीयूच्या वायरीतून करंट ओढतो, तिथे मीटरच हवा.

टिचकीला वायर शून्याला जाते म्हणजे तो स्विच तिला अर्थ करतोय, आपलं पॅडलही तेच करेल, त्यामुळे बारा व्होल्ट कुठूनही आणायचे नाहीत, फ्यूज नको, रिले नको. उलट टिचकीला वायरवर व्होल्टेज येत असेल तर त्या गाडीचा स्विच पॉझिटिव्ह देतोय, मग पॅडलची दुसरी बाजू अर्थला न लावता लिव्हर जिथून पॉझिटिव्ह घेतो तिथूनच घ्यावी लागेल. हे कळल्याशिवाय पुढे जाऊच नका.

आता कायमची जोडणी करायच्या आधी नक्कल करून बघा. सपाट मोकळ्या जागेत, इंजिन चालू, ब्रेक दाबलेला, आधी लिव्हरने एकदा खाली एकदा वर करा आणि डिस्प्लेवर काय होतं ते बघा. मग तेच काम लिव्हरऐवजी पॅडल तात्पुरतं जोडून करा. दोन्ही वेळेला डिस्प्लेने अगदी सारखंच वागायला हवं.

स्टीअरिंग उघडणे

चाकं सरळ करा, स्टीअरिंग मधोमध. इग्निशन बंद, बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि किमान ९० सेकंद थांबा, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत चार्ज साठून राहतो. मी चहा पिऊन येतो, दहा मिनिटं जातात, घाई नकोच. आणि कॅम्परवाल्यांनी इथे एक जास्तीची गोष्ट बघायची, घरातली बॅटरी डीसी चार्जरने किंवा रिलेने गाडीच्या बॅटरीला जोडलेली असते, सोलरही असतो, त्यामुळे नुसतं गाडीचं निगेटिव्ह काढून लाइन मेली असं समजू नका. घरातला मेन स्विच बंद करा, सोलर बंद करा आणि मग गाडीच्या वायरीवर मीटर लावून शून्य आहे का ते बघा. साध्या गाडीच्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही.

एअरबॅग काही मॉडेलला बाजूच्या दोन टॉर्क्स स्क्रूने धरलेली असते, काहींना आतल्या स्प्रिंगच्या पिना दाबाव्या लागतात. हलकेच पुढे घ्या, पिवळ्या कनेक्टरचं लॉक आधी उचला मग कनेक्टर काढा, वायरीला लटकू देऊ नका. काढलेली बॅग दुसऱ्या खोलीत, चेहऱ्याची बाजू वर करून ठेवा, वर काही ठेवू नका. आणि त्या पिवळ्या वायरींना मल्टीमीटर कधीही लावायचा नाही, मीटरच्या छोट्या करंटनेही बॅग उडू शकते.

मग स्टीअरिंगचा मधला नट. शाफ्ट आणि स्टीअरिंगवर पेंटने एक रेघ मारा म्हणजे परत तिथेच बसेल. नट सैल करा पण पूर्ण काढू नका, चार आटे राहू द्या, मग स्टीअरिंग दोन्ही बाजूंनी हलवत ओढा, नाहीतर ते अचानक सुटून थेट तोंडावर येतं. निघालं की मागे दिसते ती गोल डबी म्हणजे स्पायरल केबल, तिला लगेच टेप लावून फिरू न देता धरून ठेवा.

या डबीवर दोन शब्द जास्त लिहितो. आत एक लांब पट्टीकेबल गुंडाळलेली असते, तीच फिरत्या स्टीअरिंगमधल्या एअरबॅगला, हॉर्नला आणि बटणांना गाडीशी जोडते. आपल्या पॅडलच्या वायरी याच डबीतून गेल्या पाहिजेत. डबीला रिकाम्या पिना आहेत का ते दोन्ही टोकांना बघा आणि मीटरने त्यांची सलगता तपासा (एअरबॅगच्या पिना सोडून). खालच्या व्हेरियंटमध्ये त्या पिना नसतात, मग पॅडलवाल्या गाडीची डबी लागते, पण ती घेताना एअरबॅगच्या कनेक्टरची संख्या आणि आकार तंतोतंत जुळायला हवा, आणि स्टीअरिंग अँगल सेन्सर डबीला जोडलेला असेल तर आपलाच सेन्सर काढून नवीनला लावायचा. जुळत नसेल तर थांबा आणि कॉलमवाल्या पॅडलकडे वळा. डबीच्या बाहेरून सुटी वायर गुंडाळून न्यायची कल्पना कोणी दिली तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका, ती वायर एक दिवस स्टीअरिंगमध्ये अडकेल.

आमच्या एका मित्राने डबी मधोमध न आणता स्टीअरिंग बसवलं, पर्वरीला एक पूर्ण यू टर्न घेतला आणि आत पट्टी तुटली, हॉर्न गेला, एअरबॅगचा लाल दिवा लागला, नवीन डबी घ्यावी लागली. म्हणून डबी हलली असेल तर हलक्या हाताने डावीकडे अडेपर्यंत फिरवा, मग उजवीकडे साधारण अडीच फेरे, खुणा समोरासमोर आल्या की मध्य सापडला. नेमके फेरे आणि नटचा टॉर्क तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या आणि नट टॉर्क रेंचनेच आवळा.

वायर कशी न्यायची

अर्धा स्क्वेअर एमएमची, कथिलाचा मुलामा असलेली वायर घ्या. आपल्याकडे दर्याची हवा आणि चार महिने पाऊस, साधं तांबं टोकापासून आत हिरवं होत जातं. दोन सिग्नल आणि एक अर्थ, तिन्ही एकमेकांना पीळ देऊन न्या. कॉलमवरून मूळ हार्नेसच्या सोबतच खाली उतरवा, पायाच्या ब्रेक-ॲक्सिलरेटर पेडलच्या आणि स्टीअरिंगच्या फिरत्या दांड्याच्या जवळून नको, गुडघ्याच्या एअरबॅगच्या समोरून नको. दर थोड्या अंतरावर कापडी टेप आणि टाय, म्हणजे कच्च्या रस्त्यावर खडखडणार नाही.

कॅम्परमध्ये इन्व्हर्टरच्या आणि सोलर चार्जरच्या जाड केबल्स असतात, त्यांच्यापासून ही वायर लांब ठेवा. आणि अर्थ घरातल्या बॅटरीच्या निगेटिव्हवर घेऊ नका, लिव्हरचा स्विच ज्या ठिकाणी अर्थ होतो तोच पॉइंट घ्या.

जोडासाठी निळ्या रंगाचे चिमटा टॅप वापरू नका. ते वायरला नुसता चिरा पाडतात, आणि एका पावसाळ्यानंतर तिथेच गंज येतो. नीट क्रिम्प करा आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. याहून चांगलं म्हणजे लिव्हरच्या कनेक्टरचा जोडीदार मिळवून मध्ये घालायची छोटी हार्नेस बनवा, मूळ वायर कापावीच लागत नाही. आणि काहीही करा, पॅडलच्या तीन वायरींना कन्सोलखाली हाताला सापडेल असा एक वेगळा कनेक्टर ठेवाच. प्रवासात पॅडल वेडंवाकडं वागायला लागलं तर तो एक कनेक्टर काढला की गाडी परत मूळ होती तशी, लिव्हरवर चालणारी. माझ्या कन्सोलमध्ये तो उजव्या बाजूला आहे आणि बायकोलाही काढता येतो.

परत जोडणी आणि चाचणी

सगळं बसवलं, एअरबॅगचे कनेक्टर कट आवाज करून लॉक झाले, मगच बॅटरी. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही. मग उभ्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण डावीकडे पूर्ण उजवीकडे पाच वेळा, प्रत्येक टोकाला हॉर्न आणि दोन्ही पॅडल तपासा. आत काही घासल्याचा आवाज आला तर परत उघडा.

रस्त्यावर मी सकाळी सहाला साखळी गावाच्या बाजूला गेलो, रहदारी नसताना. सपाटीवर चाळीसच्या वेगाने एकेक गिअर खाली वर. मग जास्त वेगात मुद्दाम खाली मागून बघा, आरपीएम फार वाढणार असतील तर गिअरबॉक्स नकार देते आणि बीप वाजते, हे संरक्षण पॅडलवरही तसंच चालतं याची खात्री करा. मग छोटा उतार, आणि शेवटी टाकी भरून घाट. पहिल्या घाटाला सोबत कोणीतरी घ्या. आणि ओल्या रस्त्यावर, वळणाच्या मध्ये गिअर पाडू नका, वळणाच्या आधीच पाडून घ्या. मागची चाकं ओढणारी गाडी आहे, एकदम इंजिन ब्रेक बसला तर मागून घसरू शकते.

हिवाळ्यात हरमल, आगोंदला युरोपातून फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी५, टी६ च्या कॅम्पर येतात, त्यांचे लोकही हा विषय काढतात. त्यांच्या डीएसजी (फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गाड्यांना ही दोन वायरींची पद्धत लावायची नाही. तिथे पॅडल स्टीअरिंगमधल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक मोड्यूलला जातात, तो लिन बसवरून कॉलमच्या कंट्रोल युनिटला सांगतो आणि पुढे कॅनवरून गिअरबॉक्सला (लिन आणि कॅन म्हणजे गाडीतल्या युनिटांनी एकमेकांशी बोलायच्या डेटा लाइन). म्हणजे पॅडलला साथ देणारा मोड्यूल हवा आणि व्हीसीडीएससारख्या (लॅपटॉपवरून गाडीची सेटिंग बदलणाऱ्या) टूलने १६ नंबरच्या स्टीअरिंग युनिटमध्ये कोडिंग करून पॅडल आहेत असं सांगावं लागतं. ते झालं की डी मध्ये असतानाही पॅडल ओढून तात्पुरतं हाताने चालवता येतं. एअरबॅगचे नियम मात्र तेच.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मुळापेक्षा वेगळे बदल करण्याबद्दल आहे, त्यामुळे कॅम्परचं रूपांतर आरटीओला विचारून आरसीवर नोंदवूनच करा. पॅडलचं काम इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवून ठेवा, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत थांबणं बरं.

दर वर्षी मे अखेरीला, पाऊस यायच्या आधी, मी कन्सोलचं ट्रिम उचलतो, तो वेगळा कनेक्टर काढून पिना बघतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावतो आणि मीटरने दोन्ही पॅडलचे ओहम परत मोजून गाडीच्या वहीत तारखेसकट लिहितो. आकडा मागच्या वर्षीपेक्षा वाढलेला दिसला तर चवथीच्या गर्दीत घाटात निघायच्या आधी पॅडल बदलायचे.